तोट्यातलं फीचर बंद करावं का? (फुकटच्या कढीपत्त्याचा हिशोब)

खिडकीशेजारी
काल एका ओळखीच्याशी वाद झाला. तो एका ॲप कंपनीत आहे, त्याचं म्हणणं सरळ, जे फीचर पैसे आणत नाही ते बंद करायचं, लोक चार दिवस रडतात मग गप्प बसतात. मला नाही पटलं म्हणून धागा काढतोय.

गूगल रीडर (वेगवेगळ्या साईटींवरचं नवं लिखाण एका जागी वाचायची गूगलची फुकट सोय) आठवतंय? २००५ ला आलं, १ जुलै २०१३ ला बंद केलं, वापर कमी झालाय म्हणे. पण त्याआधी २०११ ला त्यांनीच त्यातलं शेअरिंग काढलं होतं, का तर लोकांनी गूगल प्लसवर, म्हणजे त्यांच्याच सोशल साईटवर जावं. लोक तिथे नुसते वाचत नव्हते हो, एकमेकांना वाचायला देत होते, इराणमध्ये तर बंदी असलेल्या गोष्टी वाचायचा-वाटायचा तो एक रस्ता होता. आधी पाय मोडायचा आणि मग म्हणायचं हा चालत नाही. आणि ज्या प्लससाठी हे केलं ते २०१९ ला स्वतःच गेलं.

आमची भाजीवाली पिशवीत कढीपत्त्याच्या दोन काड्या टाकते. त्या काड्यांचा वेगळा हिशोब मांडला तर तोटाच आहे. पण पलीकडचा गाडा दोन-तीन रुपये स्वस्त असून मी हिच्याकडेच जातो.

हिशोबनीस
उदाहरण गोड आहे पण गंडलंय. कोथिंबीर महागली की तीच बाई "आज नाही परवडत दादा" म्हणते, पावसाळ्यात मागून बघा.

सर्व्हरचं भाडं सोडा, खरा खर्च माणसांचा. जुना कोड कोणीतरी सांभाळायचा, लॉगिन बदललं की तिथेपण बदलायचं, स्पॅम काढायचा, भांडणं सोडवायची. मी सहा वर्षं अशीच एक जुनी चॅटरूम सांभाळलीय, रात्री दीडला फोन यायचा की बंद पडली, आणि वापरणारे किती, तर साठ-सत्तर. त्या साठ जणांना वाटायचं साईट त्यांच्या जिवावर चालते.

रोमातली_काकू
धागाकर्त्याला +१.
हिशोबनीस, ते साठ जण तिथे काय करायचे ते कधी बघितलंत का? मी पाककृतींच्या एका साईटवर असायचे (नाव जाऊ दे). तिथे जुन्या प्रतिसादांत शोधता यायचं, नव्या डिझाईनमध्ये ते गेलं. मोदकाची पारी फाटते यावर रत्नागिरीच्या एका बाईंनी उत्तर लिहिलेलं, पिठी जुनी असेल तर उकडीच्या पाण्यात थोडं दूध घाला, मळताना हाताला तूप-पाणी, सगळं. दर गणपतीत कोणीतरी तेच विचारायचं आणि आम्ही लिंक द्यायचो. लिंक सापडेना तेव्हा बाईंनी दोनदा परत लिहिलं, तिसऱ्यांदा नाही लिहिलं. मग येईनाशाच झाल्या. त्यांच्यासारख्या पाच-सहा गेल्यावर आम्ही रोमातल्या, म्हणजे नुसतं वाचणाऱ्या, तरी कशाला थांबतोय? पैसे देत नव्हतो खरंय, पण जाहिराती आम्हीच बघत होतो ना.

हिशोबनीस
काकू, शोध काढणं हा गाढवपणाच, त्याची बाजू मी घेत नाहीये. पण आयएमडीबी, ती पिक्चरची माहिती आणि रेटिंग देणारी साईट बघा. फेब्रुवारी २०१७ ला मेसेज बोर्ड बंद केले, महिन्याला २५ कोटींवर लोक येतात, त्यातल्या बहुतेकांना याचा उपयोग नाही म्हणाले. साईट मेली? आजही पिक्चरला जायच्या आधी रेटिंग तिथेच बघता.

जुना_स्क्रॅप
आयएमडीबी ॲमेझॉनची आहे, आणि तिथे लोक रेटिंग बघायला जातात, गप्पा मारायला नाही. तिथला बोर्ड म्हणजे थेटरातला वडा, नसला तरी पिक्चर होतो. जिथे माणसं माणसांसाठीच येतात तिथलं बोला. ऑर्कुट या जुन्या सोशल साईटवरून कम्युनिटी, म्हणजे तिथले गट, काढल्या असत्या तर काय उरलं असतं?
(ते अख्खंच २०१४ ला गेलं, माहितीय, कोणी सांगायला येऊ नका.)

टेकडी_उतार
थोडं अवांतर. आमचा ट्रेकवाल्यांचा ग्रुप अशाच एका फुकट सेवेवर होता, ती बंद झाली. हरिश्चंद्रगडच्या नळीच्या वाटेचे हाताने काढलेले नकाशे होते त्यात, कुठे डावीकडे वळायचं, कुठे दगड सुटे आहेत, पाणी शेवटचं कुठे. दोन रात्री जागून उतरवले आणि स्वतःची छोटी साईट काढली. खर्च वर्षाला चार हजार. सगळे म्हणाले आपण भरू की. १४० मेंबर. भरले सहा जणांनी, त्यात मी आणि माझी बायको.

हिशोबनीस
बघा. हेच म्हणतोय मी पहिल्यापासून.

खिडकीशेजारी
पण ते १३४ येतात की नाही अजून?

टेकडी_उतार
येतात ना. पाऊस ओसरला की रोज कोणीतरी विचारतं, नळीची वाट चालू आहे का. आणि ज्याने नकाशे काढले त्याने आजवर एक रुपया दिलेला नाही, त्याच्याकडे मागायची माझी हिंमतपण नाही. रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे. हिशोबनीस, तुम्हीपण गडांवर जाता असं मागे एकदा लिहिलं होतंत, भरणार का?

हिशोबनीस
आधी बिल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एवढ्याशा साईटला चार हजार लागत नाहीत.