वाकडं लाकूड सरळ चिरू नका
वर कुणीतरी सुचवलंय, धनुष्य बनवायला घेतलेला वाकडा ओंडका आधी करवतीनं सरळ चिरून घ्या. अजिबात नको! धनुष्याची पाठ, म्हणजे नेम धरताना लक्ष्याकडे असणारी बाजू, ताणली जाते. तिथले तंतू कापले गेले की चीर तिथूनच उठते. अमेरिकेत ओसेज ऑरेंज नावाच्या झाडाचं लाकूड बरेचदा असंच नागमोडी मिळतं. तिथले कारागीर साल आणि खालचं पांढरं लाकूड तासून पाठीवर एकच वार्षिक वलय, म्हणजे एका वर्षाच्या वाढीचा थर, टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवतात, मग धनुष्य सापासारखं दिसलं तरी बेहत्तर. गाठीभोवती थोडं लाकूड जास्त सोडायचं. दोरी मात्र मुठीवरूनच जायला हवी. बाजूला पळत असेल तर धनुष्याचा तेवढाच भाग वाफेवर मऊ करून क्लॅम्पमध्ये वळवा, आणि पूर्ण थंड होईपर्यंत सोडू नका.