सात वर्षं झाली, लग्नाच्या ऑर्डरी वाढतायत पण धंदा आहे तिथेच. नेमकं काय बदलू?

रात्रीचा_एडिटर

नमस्कार मंडळी. लग्नाचे फोटो काढायला लागून सात वर्षं झाली. पहिली दोन वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली गेली, कोणाची लाइट धर, कोणाच्या बॅगा उचल. मग स्वतःचं सुरू केलं. गेल्या वर्षी ३२ लग्नं झाली, त्याच्या आदल्या वर्षी २९. वर्षाअखेरी हिशोब मांडला तर हातात राहिलेले पैसे जवळपास तेवढेच. तीन लग्नांचं काम जास्त केलं ते कुठे मुरलं, काही पत्ता नाही.

हे लिहितोय तेव्हा रात्रीचा दीड वाजलाय. समोर एका लग्नाचे ३,८०० फोटो उघडे आहेत आणि ते लग्न होऊन सात आठवडे झालेत. संध्याकाळी नवरीचा मेसेज आला, "दादा, फोटोंचं कुठवर आलं?" शेवटी हसरा चेहरा टाकलाय. तो हसरा नाही हे मलाही कळतं.

शिवाय अकरा अल्बम अडकलेत. त्यातला एक दीड वर्षापूर्वीचा. पार्टीने फोटो निवडून द्यायचे, मग मी डिझाइन करणार, असं ठरलेलं असतं. ते निवडतच नाहीत. मी आठवण केली की "या रविवारी बसतोच" असं म्हणतात. आणि शेवटचा हप्ता अल्बम हातात दिल्यावर, त्यामुळे अकरा जणांकडे पैसेही अडकलेत.

आता धंदा वाढवायचा तर डोक्यात चार गोष्टी आहेत: ४५ मेगापिक्सेलची नवी कॅमेरा बॉडी घ्यावी (सध्याच्या दोन्ही २४ च्या आहेत), एखादा गाळा भाड्याने घेऊन स्टुडिओ थाटावा, व्हिडिओ आणि ड्रोन सुरू करावं, नाहीतर सरळ रेट थोडा खाली आणून जास्त ऑर्डरी धराव्यात. बायको म्हणते आधी झोप. तोही एक पर्याय आहे म्हणा. पण तुमच्यापैकी जे यातून गेलेत त्यांनी सांगा, आधी कशाला हात घालू?

साधी_लेन्स

बाकीचं मोठी माणसं सांगतीलच, मी फक्त बॉडीबद्दल बोलतो.

घेऊ नका. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (कॅमेऱ्यातली कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) साधारण ३० एमबीची धरली तर तुमचे ते ३,८०० फोटो ११४ जीबी झाले. ४५ च्या बॉडीवर फाइल ५० एमबीच्या आसपास जाते, म्हणजे तेच लग्न १९० जीबी. कार्ड जास्त, हार्ड डिस्क जास्त, कॉम्प्युटर हळू, आणि तुम्ही आधीच रात्री दीडला जागे. अल्बमचं १२ बाय १८ इंचाचं पान ३०० डीपीआयने छापायला ३,६०० बाय ५,४०० पिक्सेल लागतात, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेलच्या आत. तुमच्या कॅमेऱ्यात तेवढं आहेच.

अंधाऱ्या हॉलमध्ये अडतं असं असेल तर एफ १.८ ची एखादी ८५ किंवा ३५ एमएमची लेन्स घ्या. २.८ च्या झूमपेक्षा जवळजवळ अडीचपट उजेड आत येतो. बॉडीच्या किमतीपुढे ती काहीच नाही. आणि एलईडीच्या भिंतीसमोर फोटोत पट्टे येत असतील तर तो कॅमेऱ्याचा दोष समजू नका. बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात (काही ठिकाणी १२०), शटर १/१०० किंवा १/५० वर आणून बघा. भिंतीचं स्वतःचं गणित वेगळं असतं, तिथे थोडं वरखाली करत बसावं लागतं, पण नव्या बॉडीचा खर्च नक्की वाचतो.

पिशवीतली_बॅटरी

एकोणीस वर्षं या धंद्यात आहे, फिल्मचे रोल धुवायला दिलेले आहेत, त्यामुळे थोडं स्पष्ट बोललो तर राग मानू नका.

तुमच्या चारही पर्यायांत एक गोष्ट सारखी आहे. चारही तुमचं काम वाढवतात. रेट खाली आणून ३२ ची ४० लग्नं केलीत तर ते सात आठवडे बारा होतील आणि तो हसरा चेहरा मेसेजमधून जाईल. तुमचा माल फोटो नाही, तुमचे तास आहेत, आणि ते किती जातात हे तुम्हालाच माहीत नाही असं दिसतंय. शेवटची तीन लग्नं घ्या आणि कागदावर लिहा: पहिल्या फोनपासून अल्बम हातात देईपर्यंत कुठे किती तास गेले. भेटी, प्रवास, शूट, निवड, एडिट, अल्बम, अल्बममधले बदल, आणि "दादा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा ना" वालेसुद्धा. हे केल्याशिवाय रेटबद्दल बोलायचंच नाही. मी केलं तेव्हा कळलं की एका लग्नाच्या शूटिंगला माझे बारा तास जात होते आणि खुर्चीत बसून चाळीसच्या वर. मी स्वतःला फोटोग्राफर म्हणवत होतो, खरा होतो कारकून.

३,८०० फोटोंमधून देता किती? सातशे-आठशे देत असाल तर तीन हजार फोटो बघून टाकून देण्याचं काम तुम्ही रोज रात्री फुकट करताय. निवड आणि एडिट एकत्र करू नका. आधी फक्त निवड, एका बैठकीत, फक्त ठेवायचे त्यांना खूण करत. नको ते शोधत बसलात की प्रत्येक फोटोवर बोट अडखळतं, हवे ते उचलत गेलात की हात पळतो. रंगाचं काम बाहेर द्यायचं असेल तर आधी स्वतः शंभर फोटो करून नमुना द्या, त्वचेचा रंग तुमच्या मनासारखा येईपर्यंत दोन-तीन लग्नं त्यात जातील हे धरून चाला. मी पाच वर्षं देत नव्हतो. माझ्यासारखं कोणाला जमणार, या गुर्मीत. जमतं.

अल्बमचं ऐका, कारण तुमचे पैसे तिथे रुतलेत. निवड पार्टीवर सोडायचीच नाही. तिला आठशेतून शंभर काढायला सांगणं म्हणजे घरात भांडण लावून देणं आहे. एकेका काकाचा फोटो वगळायचा कोणी? तुम्ही स्वतः निवडा, स्वतः पानं लावा आणि तयार डिझाइन पाठवा. सोबत दोन ओळी: दोन वेळा बदल करून मिळतील, तीस दिवसांत काही कळवलं नाही तर हेच छापायला जाईल. हे करारात आधीच लिहिलेलं हवं, नंतर सांगितलं तर वाद होतो. कोरी यादी बघून लोक गप्प बसतात, तयार पान बघितलं की त्याच रात्री फोन येतो, "तिसऱ्या पानावर आत्याला मोठं करा." आणि शेवटचा हप्ता अल्बमपासून तोडा. पहिला बुकिंगला, दुसरा लग्नाच्या आधी, शेवटचा फोटोंची गॅलरी देताना. अल्बम तोवर पूर्ण भरलेला असला पाहिजे.

आणखी एक, अगदी फुकटातलं. लग्नानंतर दोन दिवसांच्या आत चाळीस फोटो पाठवा, नीट एडिट केलेले. त्या दिवसांत सगळं घर फोनला चिकटलेलं असतं, ते चाळीस फोटोच सगळीकडे फिरतात. सात आठवड्यांनी पाठवलेले आठशे कोणी कोणाला दाखवत नाही. त्याच आठवड्यात सजावट करणाऱ्याला, मेकअपवालीला आणि हॉलच्या मॅनेजरला त्यांच्या त्यांच्या कामाचे पंधरा-वीस फोटो द्या, नवरा-नवरीची परवानगी घेऊन. हॉलवाल्याला रिकाम्या, सजवलेल्या हॉलचा चांगला फोटो कोणी देत नाही हो. पाहुणे आत यायच्या आधीची दहा मिनिटं मी त्यासाठी राखून ठेवतो. माझ्या निम्म्या ऑर्डरी आज त्या दहा मिनिटांतून येतात.

रेट वाढवा, पण घेतलेल्या ऑर्डरींना हात लावू नका. पुढच्या बुकिंगपासून. दहातले नऊ जण आकडा ऐकून लगेच हो म्हणत असतील तर आकडा कमी आहे, एवढं साधं आहे. आणि पोर्टफोलिओत निवडक तीस चमकदार फोटो लावले असतील तर सोबत एक अख्खं लग्न दाखवा, सकाळपासून रात्रीपर्यंत. दुपारच्या कडक उन्हातले, गर्दीतले, ट्यूबलाइटखालचे फोटोसुद्धा. चांगली पार्टी तेच बघायला मागते.

व्हिडिओ नंतर. स्टुडिओचा गाळा तर नकोच, भेटायला लोक आता येतात कुठे.

दुसऱ्या_कॅमेऱ्यावरची

बॅटरीदादांचं सगळं पटलं, एक सोडून. त्यांनी माणसांबद्दल काहीच लिहिलं नाही. मी सहा वर्षं दुसऱ्यांसाठी शूट करते, म्हणून या बाजूचं सांगते.

धंदा वाढला की पहिली गोष्ट होते ती म्हणजे एका तारखेला दोन लग्नं घेतली जातात आणि दुसरीकडे माझ्यासारखी कोणीतरी पाठवली जाते. पार्टीला ते मंडपात कळतं. एकदा नवरीच्या वडिलांनी मला दारातच विचारलं, "ते कुठेयत?" दिवसभर त्या घरात मी परकी होते, फोटोत ते दिसतं. पाठवणार असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, माझंच एक अख्खं लग्न दाखवा, आणि रेट त्याप्रमाणे ठेवा. लोक नाही म्हणत नाहीत. लपवलं की म्हणतात.

एकाच लग्नात दोघं असू तर सकाळी पाच मिनिटं द्या. दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच फोनच्या घड्याळाचा फोटो काढायचा, सेकंद दिसतील असा. माझं घड्याळ चार मिनिटं पुढे असेल तर तुमच्याकडे वरमाला पडायच्या आधीच माझ्याकडे टाळ्या वाजतात, आणि मग कोणीतरी रात्री दोनला एकेक फोटो हाताने सरकवत बसतं. फोटो काढलेला असला तर सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांची वेळ एका फटक्यात मागेपुढे करता येते. व्हाइट बॅलन्सही (उजेडाच्या रंगाप्रमाणे कॅमेऱ्याचं सेटिंग) ऑटोवर नको, दोघांचा केल्विनचा, म्हणजे त्या रंगाच्या मापाचा, एकच आकडा. नाहीतर नवरी माझ्याकडे पिवळी आणि तुमच्याकडे गुलाबी.

आणि दोन कार्डांचा स्लॉट असेल तर दोन्हीवर एकदम लिहायला लावा. दुसरं कार्ड पहिलं भरल्यावर वापरायला ठेवतात बरेच जण. मी ज्यांच्यासाठी शूट करत होते त्यांनी एकदा तसंच ठेवलं होतं. स्टेजवरच्या ग्रुप फोटोंचं कार्ड घरी उघडेचना. नऊशेतले दोनशे बारा परत मिळाले, तेही अर्धे राखाडी पट्टे घेऊन. नवऱ्याची आजी त्यातल्या एकाच फोटोत होती, आणि ती पुढच्या महिन्यात गेली. मी तेव्हा त्यांच्यासोबत ते सांगायला गेले होते. परत कधी जायचं नाहीये. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागांवर, एक घराबाहेर. पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने हा ३-२-१ चा नियम लोकांच्या डोक्यात बसवला, आणि तो फोटोग्राफर होता यात नवल नाही.

हो, आणि दुसऱ्या कॅमेऱ्यावाल्यांचे पैसे त्याच आठवड्यात द्या. "अल्बमचे आले की देतो" ऐकून ऐकून मी तीन चांगल्या लोकांचं काम सोडलंय.

रात्रीचा_एडिटर

दहा दिवसांनी लिहितोय, कारण खरंच तीन लग्नांचे तास लिहून काढले. सरासरी ६१ निघाली. शूट १३. निवड आणि एडिट २७. अल्बम आणि त्यातले बदल १४. उरलेले ७ फोन, भेटी आणि प्रवास. ३२ ने गुणून बघितलं, १,९५२. रोज आठ तास धरले तर २४४ दिवस. व्हिडिओ कोणत्या दिवसांत करणार होतो देव जाणे.

अकरातल्या चार पार्ट्यांना मी स्वतः फोटो निवडून पानं लावून पाठवली. करारात काही लिहिलेलं नसल्यामुळे तीस दिवसांची अट घालता आली नाही, नुसतं "मला असं सुचलं, बघा" म्हटलं. तिघांचे बदल दोन दिवसांत आले. दीड वर्षापूर्वीच्यांनी तर एकच बदल सांगितला, आणि वर "आम्हाला वाटलं तुम्हीच विसरलात" असंही म्हणाले. चौथ्यांनी अजून बघितलेलं नाही. बहुतेक या रविवारी बसतील.

सात आठवडेवाल्या नवरीला ८१० फोटो गेले. उत्तरात नुसतं "थँक यू" आलं, चेहरा नाही. ती कोणाला माझं नाव सांगेल असं वाटत नाही, आणि ते बरोबरच आहे. परवाच्या लग्नाचे चाळीस फोटो मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाठवले. रात्री नवऱ्याच्या बहिणीच्या मैत्रिणीचा फोन. तारीख विचारली, मी नवा आकडा सांगितला. सांगताना घशाला कोरड पडली होती. ती म्हणाली घरी बोलून कळवते. बघू.

बॅटरीदादा, रंगाचं काम बाहेर द्यायला अजून हात धजत नाही, तुमची ती गुर्मी मला पण आहे. एका छोट्या लग्नापासून सुरुवात करतो.

आणि ताई, तुमचं वाचून दोन्ही कॅमेरे टेबलावर शेजारी ठेवले. दोन्ही माझेच, दोन्ही मीच वापरतो. सहा मिनिटं चाळीस सेकंदांचा फरक होता. कार्डं मात्र तुम्ही म्हणालात तशीच, एक भरल्यावर दुसरं.