उत्तर: सायकलची चेन साफ करताना गुडघे भरून येतात

उकिडवं बसून चेन पुसताना दहा मिनिटांत पाय बधिर होतात, मग बसायला काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंत; ते अगदी पटलं. पण उंच खुर्ची घेऊन उपयोग नाही. मग कंबर वाकते. सायकल जमिनीवर उभी असेल तर मागच्या चाकाचा आस साधारण ३४ सेंमी उंचीवर असतो आणि पेडलचा मधला आस त्याहूनही खाली, २७ सेंमीच्या आसपास. म्हणून २५ ते ३० सेंमीचं बुटकं स्टूल सगळ्यात सोयीचं, म्हणजे हात पोटासमोर राहतात. रिपेअर स्टँडवर सायकल टांगत असाल, तर मात्र नेहमीचं उंच स्टूल लागेल.

माझ्या मते चाकं असलेलं स्टूल घ्यावं. मागच्या गिअरपासून क्रँकपर्यंत (पेडल जोडलेल्या दांड्यापर्यंत) जाताना दर वेळी उठावं लागत नाही, नुसतं सरकायचं. चाकांना लॉक हवाच, कारण पेडल काढताना जोर लावला की स्टूल मागे पळतं. बसायचं उजव्या बाजूला, चेन तिथेच असते.

बसायला सोपं म्हणून सायकल उलटी करू नका, विशेषतः हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक असतील तर. ब्रेकच्या तेलाच्या टाकीतली हवा नळीत शिरून ब्रेकचा लिव्हर पोचट होऊ शकतो.

आणि खरं सांगते, आरामात बसता आलं की चेनच्या प्रत्येक रोलरवर (कडीतल्या फिरत्या नळीवर) एकेक थेंब तेल सोडण्याचा धीर राहतो. अवघडून बसलं की आपण भसकन ओततो, आणि त्यावर धूळ चिकटते.