अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड सुरू करायचंय, त्वचा भयंकर नाजूक. कोणतं घेऊ?

काठावरची_मी
मंडळी, आधी दुखणं सांगते. वय ३१. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला दर महिन्याला चार-पाच पिंपल्स येतात, जाताना तपकिरी डाग ठेवून जातात. ते डाग पुसट व्हायच्या आत पुढची खेप हजर. त्वचा अशी की नुसता फेसवॉश बदलला तरी गाल लाल होतात. सॅलिसिलिकने सालं निघाली, व्हिटॅमिन सीने आग आग झाली, रेटिनॉलचं तर नावच काढू नका. आता अ‍ॅझेलेइकबद्दल सगळीकडे चांगलं ऐकतेय.

अट एकच: एकच वस्तू घेणार. फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन तिन्ही मानवलेत, ते बदलणार नाही. फळीवर अर्धवट बाटल्यांची रांग लागलीय, तीत भर घालायची नाही. तर १० टक्क्यांचं सीरम घ्यावं, जेल की क्रीम? ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनीच सांगा प्लीज.

चकचकीत
मी पयली! डोळे झाकून घे. दीड वर्ष वापरतेय. परवाच एकीने विचारलं फाउंडेशन कुठलं लावतेस, म्हटलं काहीच नाही. फक्त सोबत नायसिनामाइड, हायलुरॉनिक, रात्री सेरामाइडचं क्रीम आणि आठवड्यातून एकदा मास्क घे. एकट्या अ‍ॅझेलेइकने काही होत नाही.

काठावरची_मी
@चकचकीत अट वाचलीस का गं? एकच.

चकचकीत
अगं सगळं मिळून रूटीन एकच होतं ना :)

घायाळ_गाल
नको घेऊस. मी घेतलं होतं सीरम. पहिल्याच रात्री मानेपासून कपाळापर्यंत लावलं, पाच मिनिटांत चेहऱ्यावर लाल मुंग्या सोडल्यासारखं झालं. पंख्याखाली जाऊन बसले. सकाळी नाकाच्या दोन्ही बाजू उकडल्यासारख्या. उरलेली बाटली धाकट्या बहिणीला दिली आणि तिला मेलीला काहीसुद्धा झालं नाही. तिचा चेहरा बघून अजून राग येतो.

बुडबुडा
@घायाळ_गाल लावायच्या आधी काय केलं होतंस?

घायाळ_गाल
काही विशेष नाही. स्क्रब केला होता. आणि चेहरा ओलाच होता, कुठेतरी वाचलं होतं की ओल्यावर लावलं की जास्त शोषलं जातं.

बुडबुडा
झालं मग. घासलेल्या, ओल्या कातडीवर चेहराभर अ‍ॅसिड. हे सगळं बाटलीच्या माथी मारू नकोस :) ओल्यावर जास्त शोषलं जातं हे बरोबरच आहे, म्हणून तर जास्त झोंबलं.

शुद्धलेखनकार
अवांतर होईल, पण शब्द 'अ‍ॅझेलेइक' आहे. 'अझेलिक', 'एझेलाक' असं काहीही लिहिलेलं वाचून डोळे दुखतात.

टक्केवारी
१० टक्के म्हणजे पोरखेळ. मी डॉक्टरांनी लिहून दिलेलं २० टक्क्यांचं क्रीम लावतो. पिंपल्ससाठी अमेरिकेत मान्यता मिळाली ती २० टक्क्यांना, १९९५ साली. तुमच्या या सीरमना कोणी विचारत नव्हतं तेव्हा. ताई, सरळ २० घ्या, दोनदा लावा, विषय संपवा.

शुद्धलेखनकार
'एझेलाइक' असाही उच्चार इंग्रजीत करतात हे मान्य. पण मराठीत काहीतरी एक ठरवा.

बुडबुडा
टक्का मोठा म्हणजे गुण मोठा असं नसतं हो. रोझेशियासाठी (गाल-नाक सारखे लाल होण्याचा त्वचारोग) २००२ मध्ये मान्यता मिळाली ती १५ टक्क्यांच्या जेलला, आणि त्या जेलमधून अ‍ॅसिड त्वचेत २०च्या क्रीमपेक्षा जास्त शिरतं. कशात कालवलंय यावर बरंच अवलंबून असतं.

@काठावरची_मी, तुझ्या कामाचं सांगतो. हे अ‍ॅसिड पाण्यात फारच कमी विरघळतं, लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. म्हणून खऱ्या १० टक्केवाल्या वस्तू बहुधा दुधट, दाटसर, किंचित कणीदार असतात. एखादं सीरम काचेसारखं पारदर्शक आणि पाण्यासारखं पातळ दिसलं तर मागची यादी वाच. पुष्कळदा त्यात 'पोटॅशियम अ‍ॅझेलॉइल डायग्लायसिनेट' असतं. ते अ‍ॅझेलेइकपासूनच बनवतात, पाण्यात विरघळतं, झोंबतही कमी. पण ते वेगळं रसायन. अ‍ॅझेलेइकवर जितका अभ्यास झालाय तितका त्याच्यावर नाही. आणि ज्यात सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिकही घातलंय ते तुझ्यासाठी बाद. पॉलाज चॉइसच्या १० टक्के बूस्टरमध्ये सॅलिसिलिक आहे, तुझी त्यानेच सालं निघाली होती ना.

साधीभोळी
डायग्लायसिनेटच घे गं. मी तेच लावते, काही म्हणजे काही झोंबत नाही. डाग? आहेत अजून. पण झोंबत नाही.

निसर्गवेडा
हे अ‍ॅसिड गहू, बार्ली, राय यांत निसर्गतःच असतं. म्हणजे नैसर्गिक आहे, घाबरण्यासारखं काही नाही.

खवचट
मग पीठच चोपडा की तोंडाला.

बुडबुडा
धान्यात असतं हे खरं. पण बाटलीतलं ओलेइक आम्लावर ओझोनची प्रक्रिया करून कारखान्यात बनतं. शिवाय आपल्या कातडीवर राहणारी मालासेझिया नावाची यीस्टही ते बनवते. शिबं उठली की तिथे फिकट ठिपके का पडतात हे शोधता शोधताच या अ‍ॅसिडकडे लक्ष गेलं. आता याला नैसर्गिक म्हणायचं तर म्हणा.

निसर्गवेडा
म्हणजे नैसर्गिकच.

दाढीवाला_बाप्या
पुरुषांचंही ऐका कोणीतरी. दाढी केल्या केल्या लावू नका. एकदाच लावलं, डोळ्यांतून पाणी आलं. आता दाढी सकाळी आणि हे रात्री. तीन महिन्यांनी मानेवरचे फोड बरेच कमी झाले. पहिले पाच-सहा आठवडे ढिम्म फरक नव्हता, दोनदा फेकायला निघालो होतो.

रेषा_रेषा
+१ दाढीवाल्यांना. मलाही दोन महिने काही दिसलं नाही. पिंपल्स आधी कमी झाले, डागांना त्यानंतरही चार महिने लागले. सनस्क्रीन चुकवलं तर डाग जायचे नाहीत, कोणी सांगितलं की नाही माहीत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. मी क्रीमसारखं सस्पेन्शन घेतलं होतं, सिलिकोनवालं. वर सनस्क्रीन चोळलं की खोडरबराचा चुरा निघावा तशा पांढऱ्या बारीक वळ्या. कानाजवळ, भुवयांत, सगळीकडे. ऑफिसात एकीने विचारलं कोंडा झालाय का भुवयांत. क्रीम घेऊ नकोस, जेल घे.

पोटुशी२
मी सहाव्या महिन्यात आहे. रेटिनॉइड (रेटिनॉलच्या जातीचं औषध) बंद करायला लावलं, पण डॉक्टर म्हणाल्या अ‍ॅझेलेइक चालेल. धागा माझा नाही तरी लिहितेय, कोणाला तरी उपयोग होईल.

टक्केवारी
क्रीमच घ्या, पण २०.

काठावरची_मी
बापरे, केवढे प्रतिसाद! घायाळ_गाल वाचून धीर गेला होता, पुढचं वाचून थोडा परत आला. म्हणजे बहुमत जेल, त्याखालोखाल डायग्लायसिनेट, आणि क्रीम मुळीच नको. बरोबर? आणि झोंबलं तर किती सहन करायचं?

चर्चिल_नव्हे_चर्मिल
उशिरा आलो. घरात त्वचेच्या डॉक्टर आहेत, त्यांना तुमचा धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, कोणतं घ्यायचं हा प्रश्न नंतर. फेसवॉश बदलला तरी गाल लाल होत असतील तर नुसते पिंपल्स आहेत की रोझेशियाही आहे हे एकदा दाखवून घ्या. दोन्हींत हे औषध चालतं, पण बाकीची पथ्यं वेगळी. जबड्याच्या कडेला दर महिन्याला येतात तर पाळीशी ताडून बघा. तसं असेल तर नुसतं वरून लावून पुरेल असं नाही.

आणि लावायचं कसं, तर आधी कानाखाली जबड्यापाशी पाच-सात दिवस. मग पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर, मॉइश्चरायझरच्या वर, वाटाण्याएवढं, आठवड्यातून तीन रात्री. तेही जड गेलं तर वीस मिनिटांनी धुऊन टाका. पहिले दोन-तीन आठवडे खाज किंवा टोचल्यासारखं होतं, ते थोड्या वेळात ओसरलं तर चालू ठेवा. सकाळीही गाल तापलेले, सुजलेले असले तर बंद. ज्यांना दमा आहे त्यांनी आधी विचारून घ्या, क्वचित त्रास वाढल्याच्या नोंदी आहेत. सावळ्या रंगावर क्वचित जागा फिकट पडते, तेव्हा लक्ष ठेवा.

चकचकीत
हेच तर मी म्हणत होते. मॉइश्चरायझर सेरामाइडचं घे.

खवचट
तू कधी म्हणालीस?

अर्धवट_रसायन
२०२४ च्या अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीच्या मार्गदर्शिकेत अ‍ॅझेलेइकची शिफारस 'सशर्त' आहे. बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि रेटिनॉइडची ठाम आहे. मग ठामवालं का नको?

काठावरची_मी
@अर्धवट_रसायन कारण माझे गाल ठामपणे नाही म्हणतात. बेन्झॉइलने उशीचा अभ्रासुद्धा पांढरा करून झालाय, निळ्यावर ढगांचे ठिपके.

(अकरा आठवड्यांनी)

काठावरची_मी
धागा वर काढतेय, रागावू नका. मी क्रीमच घेतलं, १० टक्क्यांचं. हो, तेच वळ्या निघणारं. जेल आणि सीरमच्या यादीत कुठे सुगंध, कुठे दुसरं अ‍ॅसिड, कुठे दोन्ही. याची यादी सगळ्यांत आखूड. सुरुवातीचे बारा दिवस डॉक्टर बाईंच्या सांगण्याप्रमाणे वीस मिनिटांत धुऊन टाकलं, आता एक दिवसाआड रात्रभर ठेवते. टोचतं अजून, दातब्रश होईपर्यंत. गाल तापत नाहीत.

गेल्या पाळीला पाचाऐवजी दोनच पिंपल्स. जुने डाग जिथल्या तिथे आहेत, नवीन मात्र चटकन पुसट होतायत. दाखवूनही आले. रोझेशिया नाही म्हणाल्या, पण पाळीचं चर्मिल म्हणाले तेच निघालं, त्याच्या तपासण्या चालू आहेत.

रेषा_रेषा
आणि वळ्या?

काठावरची_मी
निघतात. पण रात्री सनस्क्रीन लावायचं नसतं, त्यामुळे फक्त उशीला दिसतात.

टक्केवारी
२० घेतलं असतं तर एव्हाना डागही गेले असते.

चकचकीत
आता नायसिनामाइड जोडायला हरकत नाही.

काठावरची_मी
ट्यूब अर्धीसुद्धा संपली नाहीये. संपली की बघू.