मदत हवी आहे: होहचे वर्षावन वडिलांना पावसात दाखवायचे आहे, ऑक्टोबर योग्य ठरेल का?

सर्वांना नमस्कार. आम्ही भुसावळचे. माझे वडील, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात, वन खात्यात वनरक्षक होते आणि त्यांची बहुतेक नोकरी यावल-रावेरकडच्या सातपुड्यात, साग, अंजन आणि सालईच्या रानात झाली. धाकटी बहीण सध्या सिअॅटलजवळ राहते. यंदा आई-आप्पा तिच्याकडे जाणार आहेत आणि बाकी काही पाहिले नाही तरी चालेल, पण ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानातील होह नदीच्या खोऱ्यातले समशीतोष्ण वर्षावन पाहायचेच, असे आप्पांनी आतापासूनच सांगून ठेवले आहे.

त्यांना ही ओढ लागली ती बहिणीने पाठवलेल्या एका फोटोमुळे. त्यात हेमलॉकची मोठी झाडे दोरी धरून लावावीत तशी एका रेषेत उभी आहेत. आप्पांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि विचारले, "हे रोपवन आहे का?" प्रत्यक्षात ती ओळ कोणीही लावलेली नाही. तिथल्या जमिनीवर शेवाळ आणि नेच्यांचा इतका दाट थर असतो की बियांना रुजायला जागाच मिळत नाही. त्यामुळे एखादा सिट्का स्प्रूस कोसळला की त्याच्या आडव्या खोडावरच नवी रोपे धरतात, त्यांची मुळे खोडाला वेढून खाली मातीत उतरतात, आणि पुढे खोड कुजून नाहीसे झाले तरी झाडे मात्र त्याच रेषेत, मुळांच्या पायांवर उभी राहतात. पडलेले लाकूड मोजून, शिक्का मारून डेपोत पाठवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे किती नवल वाटले असेल, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

आता मूळ अडचण. जो तो जुलै-ऑगस्टमध्ये जा असे सांगतो, कारण तेव्हा ऊन असते. पण तेच तिथले सर्वांत कोरडे महिने आहेत, आणि त्याच दिवसांत गाड्यांची इतकी गर्दी होते की प्रवेशद्वाराशी ताटकळत थांबावे लागते. जळगाव जिल्ह्यात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर होहमध्ये सुमारे साडेतीन हजार. प्रशांत महासागरावरून येणारी ओली हवा ऑलिम्पिक पर्वतावर चढताना पश्चिमेकडच्या खोऱ्यांत रिती होते आणि पलीकडच्या सेक्विम गावाला जेमतेम चारशे मिलिमीटर पाऊस उरतो. मेच्या उन्हात होरपळणाऱ्या मुलखातल्या माणसाने इतक्या लांब जाऊन ते रान कोरडे असताना पाहावे, हे मला पटत नाही. म्हणून मी ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा धरून चाललो आहे: पाऊस सुरू झालेला असतो, मोठ्या पानांच्या मेपलची पाने पिवळी होत असतात आणि नोव्हेंबरनंतरची वादळे अजून लांब असतात.

मात्र आप्पांचा उजवा गुडघा दुखतो. 'हॉल ऑफ मॉसेस' ही वाट साधारण १.३ किलोमीटरची असून सुरुवातीला थोडा चढ आहे, असे वाचले. ओल्या दिवसांत ती काठी घेऊन चालणाऱ्याला झेपेल इतपत घट्ट असते का, की स्प्रूस नेचर ट्रेल अधिक सपाट असल्याने तीच धरावी? तिथल्या एल्क हरणांचा माजाचा काळही शरद ऋतूतच येतो, आणि त्यांच्यापासून निदान पंचेचाळीस-पन्नास मीटर दूर राहायचे असते. ती वाटेवरच आली तर हळू चालणाऱ्यांनी काय करावे?

दुसरा प्रश्न मुक्कामाचा. सिअॅटलहून होह एका बाजूने चार तासांच्या आसपास पडते, त्यामुळे एका दिवसात जाऊन येणे या वयात मला क्रूरपणाचे वाटते. फोर्क्स गावात राहावे, की दक्षिणेला क्विनॉल्ट सरोवराकाठी? क्विनॉल्टलाही हेच वर्षावन आहे, फेरीबोट न पकडता ऑलिंपियामार्गे गाडीने जाता येते आणि सिट्का स्प्रूसचा एक प्रचंड वृक्ष रस्त्यापासून थोड्याच पावलांवर आहे. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये पुराने होहचा एकमेव रस्ता वाहून गेला होता आणि तो मे २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला, त्यामुळे हाताशी दुसरा पर्याय असावा असे वाटते. खाण्याची चिंता नाही. आई बहिणीकडूनच दशम्या आणि चटणी बांधून घेणार आहे.

आपल्यापैकी कोणी वयस्कर आई-वडिलांना घेऊन सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात तिथे गेले असल्यास कृपया वाटांचा आणि मुक्कामाचा अनुभव सविस्तर लिहावा. बहिणीला रजा आधी टाकावी लागते, म्हणून कोणता आठवडा धरावा हे लवकर समजले तर तिकिटे काढता येतील.