मदत हवी आहे: घटातला हरभरा कुजतो

सासूबाईंनी नवरात्रातला घट माझ्याकडे सोपवल्याला हे दुसरं वर्ष. गेल्या वेळी पत्रावळीवर काळी माती पसरून मधे मातीचा घट ठेवला, भोवती गहू, ज्वारी, मूग, हरभरा पेरला. गहू-ज्वारी छान वर आली, दसऱ्याला मुलांच्या टोपीत तुरे खोवता आले. हरभरा मात्र चौथ्या माळेलाच कुजला, वासही सुटला.

धान्य रात्रभर भिजवलं होतं, माती चाळून घेतली होती. पाणी रोज अर्धा तांब्या (जास्तच झालं बहुतेक). खाली स्टीलचं ताट होतं. देवघरात ऊन येत नाही आणि बसलेला घट हलवायचा नाही, त्यामुळे गॅलरीत ठेवा असं सुचवू नका. हरभरा वगळायलाही सासूबाई तयार नाहीत.

सोलापुरात काळ्या मातीतच घट बसवणाऱ्यांनो, घट झिरपतो तेवढं पाणी पुरतं का, आणि हरभरा न भिजवताच पेरायचा का?