अटॅकनंतर बाबांना पॉलिफेनॉलच्या कॅप्सूल्स द्याव्यात का?

कोथरूडकर
नमस्कार मंडळी. बाबा ६८ वर्षांचे, दिवाळीनंतर अटॅक आला, स्टेंट टाकलाय, अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चालू आहे. आता टेकडीवर रोज भेटणाऱ्या एका काकांनी त्यांना रेस्व्हेराट्रॉल (द्राक्षातलं) आणि कर्क्युमिन (हळदीतलं) अशा पॉलिफेनॉलच्या, म्हणजे वनस्पतींतल्या संयुगांच्या, कॅप्सूल्स आणून दिल्यात. डबीवर लिहिलंय हृदयाच्या मायटोकॉन्ड्रियाचं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसपासून संरक्षण. बाबा म्हणतात झाडापासूनच केलंय ना, मग त्याने काय होणारे. यात खरंच काही तथ्य आहे का?

मायटो_पाषाण
दादा, मी याच विषयात पीएचडी करतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते. हृदयाच्या स्नायूपेशीचा साधारण एक तृतीयांश भाग मायटोकॉन्ड्रियाने, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कारखान्यांनीच, भरलेला असतो. तिथे ऊर्जा तयार होताना कॉम्प्लेक्स १ आणि ३ या प्रथिनसंचांपाशी थोडे इलेक्ट्रॉन निसटतात, ते ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड हा फ्री रॅडिकल, म्हणजे पेशीला इजा करणारा रेणू, बनतो (असे रेणू फार झाले की तोच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस), तो निस्तरायला पेशीकडे स्वतःची एन्झाइम्स असतात. अटॅकमध्ये रक्त बंद असताना सक्सिनेट नावाचं इंधन साठतं आणि नस उघडली की ते भराभर जळतं, सुपरऑक्साइडचा एकदम लोंढा येतो, मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यातली छिद्रं उघडतात आणि पेशी मरते. पण हे सगळं नस उघडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत होतं! बाबांच्या बाबतीत ती वेळ कधीच होऊन गेली.

उंदरांना आधीच रेस्व्हेराट्रॉल किंवा क्वेर्सेटिन (हेही पॉलिफेनॉलच) दिलं तर हे नुकसान कमी होतं असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय, ते खोटं नाही. फक्त डिशमधल्या पेशींना आम्ही १० ते ५० मायक्रोमोलर (द्रावणातल्या प्रमाणाचं माप) देतो, आणि माणसाने गोळी खाल्ली की आतडं आणि लिव्हर त्याचं रूप बदलून टाकतात, रक्तात मूळ रूपात बहुतेक वेळा १ मायक्रोमोलरसुद्धा उरत नाही. एवढ्याशा मात्रेने फ्री रॅडिकल्स थेट पुसले जात नाहीत, झालाच तर एनआरएफ२ या प्रथिनासारखा स्विच चालू होऊन पेशीचं स्वतःचं संरक्षण वाढतं. कोकोच्या फ्लॅव्हॅनॉल्सची (हीसुद्धा पॉलिफेनॉल्सच) कॉसमॉस नावाची मोठी ट्रायल झाली, २१ हजारांवर लोक, रोज ५०० मिग्रॅ, निकाल २०२२ मध्ये आला. हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले पण जो मुख्य निकष ठरवला होता त्यात ठोस फरक नाही पडला.

औषधवाला_कसबा
मी फार्मसिस्ट आहे. मला काळजी वेगळीच वाटते. कर्क्युमिनच्या डबीवर मागे बारीक अक्षरात पिपरीन लिहिलंय का बघा, म्हणजे मिऱ्यातलं सत्त्व. कर्क्युमिन जास्त शोषलं जावं म्हणून घालतात, पण त्यामुळे दुसऱ्या औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. त्यात बाबांना रक्त पातळ करणारी दोन औषधं (अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल) आहेत आणि कर्क्युमिनने रक्तस्रावाची शक्यता अजून वाढू शकते. हळदीच्या सप्लिमेंटने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेसही नोंदल्या गेल्यात. भाजी-आमटीतल्या चिमूटभर हळदीबद्दल मी बोलत नाहीये हां, ती खुशाल खाऊ द्या.

कोथरूडकर
पिपरीन आहे!! आत्ताच बघितलं. मग डाळिंब, जांभूळ वगैरे चालेल ना?

मायटो_पाषाण
फळं जरूर द्या, शुगर असेल तर बेताने, आणि रस न काढता दाणे खाऊ द्या. डाळिंबातल्या एलाजिटॅनिन्स या पॉलिफेनॉल्सपासून आतड्यातले बॅक्टेरिया युरोलिथिन ए नावाचं द्रव्य बनवतात, त्याने खराब झालेले मायटोकॉन्ड्रिया साफ व्हायला मदत होते असं प्राण्यांत दिसलंय. पण ते बॅक्टेरिया प्रत्येकाच्या पोटात नसतात, त्यामुळे डाळिंब खातोय म्हणून कुठलीही गोळी कमी करायची नाही. स्टेंट असताना क्लोपिडोग्रेल मनाने बंद केलं तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. हे बाबांना प्लीज नीट समजावून सांगा, मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

कोथरूडकर
ताई, काका, खूप आभार. कॅप्सूल्स आजपासून बंद. शनिवारी फॉलोअप आहे, दोन्ही डब्या घेऊन जातो आणि लिव्हरची टेस्ट करायची का तेही डॉक्टरांना विचारतो.